सोमवार ते शनिवारचं शिष्यत्व: गाडीत, कचेरीत, चाळीत साक्ष द्यायची कशी?

परळची_मंडळी (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पुढच्या महिन्यापासून सहा आठवड्यांचा शिष्यत्वाचा वर्ग सुरू होतोय, दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ. येणाऱ्यांत बँकेतले लोक आहेत, परिचारिका आहेत, एक बेस्टचे चालक, घर सांभाळणाऱ्या बायका आणि कॉलेजची मुलं. मत्तय २८ मधल्या 'जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा' या येशूच्या आज्ञेवरचे उपदेश या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेत. पण सोमवारी दुपारी डबा खाताना शेजारच्याने काही विचारलं तर नेमकं काय बोलायचं, किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

चार गोष्टी हव्यात. प्रवासात आणि कचेरीत साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलणं. एखाद्याला खरंच शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) वाचायचं असेल तर पहिल्या आठवड्यापासून काय करायचं. गणपती, प्रसाद, वर्गणी. आणि मर्यादा: कुठे बोलायचंच नाही. साक्षी आपल्याकडे भरपूर आहेत, इथे पद्धत सांगा ही विनंती.

मीठभाकर

दादा, आज्ञा आपण अर्धीच पाठ करतो. मत्तय २८:२० मध्ये प्रभू पुढे म्हणतो की मी जे सांगितलं ते सगळं पाळायला शिकवा. काय सांगितलं ते त्याच शुभवर्तमानात अध्याय ५ ते ७ मध्ये आहे: राग, वासना, शपथा, सूड, गुप्तपणे दान, पैशाची काळजी, दुसऱ्याचा न्याय करणं. पहिला शुक्रवार पूर्ण यालाच द्या. तिन्ही अध्याय मोठ्याने वाचायला वीस मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: यातली कोणती गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माझ्यात दिसेल?

उत्तरं गुळमुळीत येऊ देऊ नका. "प्रामाणिक राहीन" हे उत्तर नव्हे. खोटं मेडिकल बिल लावणार नाही. उशिरा येणाऱ्या मित्राची हजेरी लावणार नाही. फोनवर "साहेब जागेवर नाहीत" असं सांगायला लावलं तर "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत" म्हणेन, कारण ५:३७ प्रमाणे होय ते होय. सहकाऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणार नाही. वहीत असं लिहून घ्या. पौल थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्रात (४:११-१२) सांगतो की शांत राहा, आपापलं काम करा, म्हणजे बाहेरच्यांशी तुमचं वागणं सभ्य राहील. ज्याच्या फायली तीन महिने पडून असतात त्याने कॅन्टीनमध्ये तारणाबद्दल बोलू नये, असं मी स्पष्टच म्हणेन. त्याच्या तोंडून शुभवर्तमान गेलं की ते ऐकणाऱ्यासाठी अवघड होऊन बसतं.

सहप्रवासी_मध्य

प्रवासाबद्दल. गर्दीच्या गाडीतला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे सगळ्यात आधी ध्यानात घ्यायचं. ठाणे-सीएसएमटी जलद गाडीत सकाळी पाय हलवायला जागा नसते. तिथे आपण सुरू केलं तर तो ऐकत नसतो, सोसत असतो. म्हणून नियम साधा: सुरुवात आपण करायची नाही. आपलं शास्त्र आपण वाचावं, मनात वाचावं. कोणी विचारलं तर उत्तर द्यावं, आणि पुढचं स्टेशन आलं की विषय त्याच्यावर सोडावा. त्याने पुन्हा काढला तर बोलावं. डब्यात स्टिकर चिकटवणं, सीटवर पत्रकं टाकून जाणं हे करूच नका. एक तर ती रेल्वेची मालमत्ता, दुसरं म्हणजे ती पत्रकं दहा मिनिटांत पायाखाली येतात, आणि प्रभूचं नाव पायाखाली गेलेलं बघून वाईट वाटतं ते आपल्यालाच.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं अदबीचं होतं. निघताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि वाचायला सांगितलं.  टिळकांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने (मत्तय ५ ते ७), आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांनी ना पत्ता घेतला, ना पाठपुरावा केला. पुस्तक दिलं आणि बाजूला झाले.

आशेची_वही

सहप्रवासींना अनुमोदन. आता "विचारलं तर काय सांगायचं" याची तयारी. १ पेत्र ३:१५ वाचताना 'उत्तर द्यायला सिद्ध असा' इथेच बरेच थांबतात. पुढे सौम्यतेने आणि आदराने असं आहे, आणि मुळात विचारणारा कोणीतरी आहे हे त्यात गृहीत आहे.

उत्तर तीन मापांत तयार ठेवा.

एक वाक्याचं: "रविवारच्या सहलीला का येत नाहीस?" "सकाळी उपासना असते, ती मी चुकवत नाही. दुपारी गाठतो तुम्हाला." इथे पूर्णविराम. पुढचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही.

तीन मिनिटांचं: आपली साक्ष. कागदावर लिहायची, साधारण ३०० ते ३५० शब्द, म्हणजे वहीचं दीड पान. साचा प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृ.) २६ मध्ये पौलाने अग्रिप्पा राजापुढे वापरलेलाच: आधी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, आता काय बदललं. जन्मापासून ख्रिस्ती घरातल्यांना वाटतं की सांगण्यासारखं काहीच नाही. त्यांनी 'आधी' हा भाग गाळावा आणि एका गोष्टीबद्दल बोलावं: भीती, पैसा, राग, कोणाला केलेली क्षमा. लिहून झाल्यावर मंडळीबाहेरच्या माणसाला वाचायला द्या आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. रक्ताने धुतलो, नवा जन्म, अभिषेक, देहस्वभाव या सगळ्यांखाली रेघा येतील. ते शब्द काढायचे आणि साध्या भाषेत तेच सांगायचं. आणि आपलं जुनं पाप रंगवून सांगू नका. ऐकणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं.

तिसरं माप म्हणजे आमंत्रण: "मार्काचं शुभवर्तमान छोटं आहे, दोघांनी मिळून वाचायचं का?" हे फक्त त्याने दोनदा-तीनदा आपणहून विषय काढल्यावर.

आणखी एक. कोणी म्हणालं, "आईचं ऑपरेशन आहे," तर आपण पटकन "प्रार्थना करतो" म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी आईचं नाव विचारा, तारीख विचारा, फोनमध्ये नोंदवा आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चौकशी करा. तिथल्या तिथे प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा: "दोन वाक्यं प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाल्यास अर्ध्या मिनिटात, हळू आवाजात, आईच्या नावाने. प्रार्थनेच्या आडून उपदेश करायचा नाही. नाही म्हणाल्यास घरी करा आणि चेहऱ्यावर नाराजी आणू नका.

पांढरा_गणवेश

वर परिचारिकांचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. ड्यूटीवर असताना रुग्ण आपल्या हातात असतो. औषध, पाणी, बेडपॅन सगळ्यासाठी तो आपल्यावर अवलंबून असतो, त्यामुळे त्याचं "हो" खरं किती हे कळायला मार्ग नाही. म्हणून गणवेशात असताना विषय आपण काढायचा नाही. रुग्णाने स्वतः प्रार्थना मागितली तर त्याच्या नातेवाइकाला किंवा आपल्या वरिष्ठ सिस्टरला माहिती असू द्यावी. भेटायला जाणाऱ्यांनी भेटीच्या वेळेतच जावं, दोघांपेक्षा जास्त नको, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं गायन नको.

आणि औषध बंद करा असं कोणीही, कधीही, कोणत्याही सभेत म्हणू नये. टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. पहिल्या दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, माणसाला बरं वाटतं. नेमकं तेव्हाच कोणी म्हणतं, "प्रभूने बरं केलं, आता गोळ्या कशाला?" गोळ्या सुटल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग उपचार लांब, महाग आणि त्रासाचे होतात, घरातल्यांनाही लागण होते. इन्सुलिनचं तेच, फिट्सच्या गोळ्यांचं तेच. प्रार्थना जरूर करा, आणि गोळी घेतली का तेही विचारा. लूककडे बघा, त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो (कलस्सै ४:१४).

शुभवर्तमान_वाचक

दुसऱ्या प्रश्नाला मोठं उत्तर लागेल, कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो.

उत्सुक माणसाच्या हातात आपण जाडजूड पवित्र शास्त्र देतो. तो उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीय हा नियमांचा भाग आला की पुस्तक कपाटावर जातं. म्हणून फक्त मार्काची सुटी पुस्तिका द्या. १६ अध्याय आहेत, दीड तासात वाचून होतात. मत्तयाची सुरुवात वंशावळीने होते, नवख्याला ती जड जाते. सोप्या मराठीतलं भाषांतर निवडा. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मोलाचं आहे, पण त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली छापून आलेलं. त्या काळची भाषा अभ्यासकाला चालेल, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला नाही. वाचता येत नसेल तर फोनवर ऑडिओ लावा आणि एक उतारा दोनदा ऐकवा.

जोडी कशी? पुरुषाने पुरुषाबरोबर, बाईने बाईबरोबर. दोघांपेक्षा तिघं बरे, कारण दोघांत एक गुरू आणि एक चेला होऊन बसतो. जागा उघडी असावी: उडुप्याचं हॉटेल, बाग, ऑफिसचं कॅन्टीन, किंवा घरच्यांना माहीत असेल तर घर. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, त्याहून जास्त नाही. उपनगरात राहणाऱ्या माणसाचे रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. तुम्ही दीड तास घेतलात तर तो तिसऱ्या आठवड्याला येणार नाही, आणि का आला नाही हेही भिडेपोटी सांगणार नाही.

उतारे असे घेता येतील: १:१४-२० (कोळ्यांना बोलावणं), २:१-१७ (पक्षाघाती आणि लेवी), ४:३५-४१ (वादळ), ५:२१-४३ (याईर आणि ती स्त्री), ८:२७-३८ (वधस्तंभ उचलणं), १०:१७-३१ (श्रीमंत माणूस), १०:३५-५२ (सेवक होणं आणि बार्तिमय), १४:३२-४२, १५:२१-३९, १६:१-८. दहा बैठकी.

प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटं गेल्या आठवड्याची विचारपूस, वीस-पंचवीस मिनिटं वाचन आणि चर्चा, शेवटी काय पाळायचं ते ठरवणं. प्रश्न तेच ठेवा: इथे येशूबद्दल काय दिसतं? माणसांबद्दल काय दिसतं? यातलं मला या आठवड्यात काय करायचं आहे? आणि हे घरात कोणाला सांगावंसं वाटतं? प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. शांतता सोसवत नाही म्हणून शिकवणारा स्वतःच उत्तर देतो, आणि समोरच्याला कळतं की इथे फक्त ऐकायचं असतं. एकूण बोलण्यातलं तुमचं बोलणं एक तृतीयांशाच्या खाली ठेवा. उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच सांगा.

पाळायची गोष्ट नावागावासकट लिहा. "क्षमाशील होईन" याला अर्थ नाही. "शनिवारच्या आत नणंदेला फोन करेन" याला आहे. पुढच्या आठवड्याचा पहिला प्रश्न त्याच फोनचा. आणि तुम्हीही आपली गोष्ट लिहा, तुम्हालाही तो प्रश्न विचारला जाऊ दे. नाहीतर ती तपासणी होते, सोबत राहत नाही.

२ तीमथ्य २:२ मध्ये चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि त्यांच्याकडून शिकणारे आणखी. म्हणून सहाव्या-सातव्या बैठकीपासून प्रश्न त्यालाच विचारू द्या. तो अडखळेल, चालेल.

निर्मळची_वाट

वसई-निर्मळकडून नमस्कार. आमच्या कॅथलिक पद्धतीत प्रौढांच्या दीक्षेला टप्पे असतात: चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, शिक्षण, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात निवड, आणि बहुधा पास्काच्या (ईस्टरच्या) जागरण विधीत बाप्तिस्मा. सगळं मिळून बरेच महिने जातात, कधी वर्षापेक्षा जास्त. प्रॉटेस्टंट मित्र विचारतात की इतका वेळ कशाला, फिलिपने तर त्या कूशी अधिकाऱ्याला वाटेतच बाप्तिस्मा दिला (प्रे. कृ. ८). खरं आहे. पण तो अधिकारी यरुशलेमला उपासना करून परतत होता, यशया संदेष्ट्याचं पुस्तक हातात घेऊन बसला होता. त्याची तयारी आधीच झाली होती. आपल्याकडे येणाऱ्याला कधी कधी फक्त नोकरी गेल्याचं दुःख असतं. दुःखात घेतलेला निर्णय दुःख सरलं की ढिला पडतो. त्याला वेळ देणं हा त्याचा सन्मान आहे.

धागाकर्त्यांना सुचवते: तुमच्याकडे टप्पे नसतील तर निदान एक 'सोबती' नेमा, बाप्तिस्म्याच्या आधी आणि नंतर वर्षभर. बाप्तिस्म्यानंतरचे पहिले महिने सगळ्यात अवघड. टाळ्या संपतात, घरचा सण येतो आणि माणूस एकटा पडतो.

काळा_कोट_फोर्ट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण 'किंमत मोजून बघा' (लूक १४:२८) हे अगदी शब्दशः घ्यावं लागतं. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही.

बाप्तिस्मा मागणाऱ्याला या गोष्टी कोणीतरी आधी सांगितल्याच पाहिजेत. १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही, म्हणजे शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी या सगळ्यावर परिणाम. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३व्या कलमाखाली जोडीदाराच्या धर्मांतरामुळे घटस्फोट मागता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६व्या कलमाने धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसा जात नाही, पण त्यानंतर जन्मलेली मुलं हिंदू नसतील तर त्यांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. राज्याराज्यांचे कायदेही बदलत असतात. पाळकांनी प्रत्येक वेळी वकिलाकडून आजची स्थिती विचारून घ्यावी. "जातीचं प्रमाणपत्र तसंच ठेव, कोणाला कळतंय" असा सल्ला मंडळीत कानावर आला तर तिथल्या तिथे थांबवा. खोटेपणाने सुरू झालेलं शिष्यत्व पुढे काय टिकणार?

मीठभाकर

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून. घरच्यांपासून लपवून काही करू नये. मार्क ५ मधला बरा झालेला माणूस येशूबरोबर यायला तयार होता, येशूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. नवऱ्याने घेतला म्हणून बायकोने घ्यायचा ही घाई कोणी करू नये. तसंच नव्या माणसाला देव्हारा उचलायला लावू नका. तो सासूचा असतो, त्याच्या एकट्याचा नसतो. आणि दुसऱ्याच्या देवांबद्दल एकही वाईट शब्द काढायचा नाही. इफिसात पौलाबद्दल नगराचा अधिकारीच सांगतो की या लोकांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही (प्रे. कृ. १९:३७).

लालबाग_गल्ली

प्रश्न तीन. लालबाग-परळमध्ये राहून गणपतीचे दिवस टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. शेजाऱ्याने बोलावलं तर जावं. चपला बाहेर, घरातल्या म्हाताऱ्यांची विचारपूस, मुलांचं कौतुक. आरतीला मागे शांत उभं राहावं, टाळ्या आणि ताट आपल्याकडे येऊ नये इतकं अंतर ठेवून. प्रसाद न घेणारे असाल तर एकदाच, हात जोडून, हसून: "वहिनी, मी प्रसाद घेत नाही, पण तुमचा चहा घेतल्याशिवाय जाणार नाही." हे आल्या आल्या सांगावं. हातावर मोदक ठेवल्यावर तो परत करणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि घेऊन खाली कचऱ्यात टाकणं तर अजिबात नको, ते अपमानाहून वाईट.

निर्मळची_वाट

प्रसादाबद्दल थोडं वेगळं मत. १ करिंथ १०:२७ मध्ये पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते चौकशी न करता खा. पुढच्याच वचनात म्हणतो, हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आमच्या गावात एकाच घरात दोन मतं असतात, प्रेमाने घेणारा एक आणि न घेणारा एक, आणि दोघंही श्रद्धावान. नव्याने विश्वास ठेवलेल्यासमोर मात्र मीही घेणार नाही, अध्याय ८ मधल्या दुर्बळ विवेकाच्या बंधूसाठी. पण न घेणाऱ्याने घेणाऱ्याला पाखंडी ठरवू नये, रोम १४ त्यासाठीच आहे.

लालबाग_गल्ली

मान्य ताई. वर्गात दोन्ही बाजू मांडाव्यात आणि प्रत्येकाने सण यायच्या आधी आपलं ठरवावं, दारात उभं राहून नाही.

वर्गणीला सरसकट नकार देऊ नका. मंडळाचं रक्तदान शिबिर, पाण्याचं वाटप, दवाखान्याची मदत यासाठी द्या, पावतीवर तसं लिहून घ्या, आणि शक्य असेल तर पैशाबरोबर दोन तास माणूसही द्या. विसर्जनाच्या रात्री पाणी वाटणारे हात कमीच पडतात.

नाताळची दुसरी बाजू. दिवाळीत त्यांचं ताट आलेलं असतं, ते नाताळला रिकामं जाऊ नये. पण माळकरी घरात अंड्याचा केक, जैन घरात प्लम केक पाठवणं म्हणजे शेजारी इतकी वर्षं आपण त्यांच्याकडे पाहिलंच नाही असं सांगणं. तिथे नारळाच्या करंज्या, शंकरपाळी, अंड्याशिवायचे कुळकुळे द्या, आणि "अंडं नाही यात" हे तोंडाने सांगा. ताटाखाली पत्रक सरकवू नका. फराळ म्हणजे फराळ.

खिडकी_उघडी

घरगुती प्रार्थनेचं व्यवहारज्ञान. बीडीडी चाळीची जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्यात बारा माणसं नीट बसतात, विसाव्याला दार अडतं. बाराच्या वर गेलं की दुसरं घर बघा. माईक नको, कीबोर्डला स्पीकर नको. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, पण कायद्यापेक्षा समोरच्या खोलीतली दहावीची मुलगी महत्त्वाची. नऊच्या आत संपवा. चपला गॅलरीत एका रांगेत, शेजाऱ्याच्या दारासमोर नाही. पाण्याची वेळ बघूनच सभा ठेवा, नाहीतर निम्म्या बायका हंड्याकडे धावतात.

खिडकी, दार उघडं ठेवा. आत काय चाललंय हे ज्याला बघायचंय त्याला बघू द्या. गायनाला टिळकांची भजनं, अभंग घ्या, टाळ पुरतो. ती चाल आजूबाजूच्यांच्या कानाला परकी वाटत नाही. खाणं चहा-बिस्किटांवर थांबवा, म्हणजे गरीब घरालाही सभा घेता येते. पाहुणे असताना दानाची थैली फिरवू नका.

परळची_मंडळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. वर्गात दोन प्रश्न हमखास येतील ते आधीच विचारतो. कॅन्टीनमध्ये कोणी तोंडावर म्हणालं, "तुम्ही लोक पैसे, तांदूळ देऊन बाटवता ना?" तर? आणि वाचायला येणारा मधेच यायचा बंद झाला तर?

आशेची_वही

पहिला प्रश्न: चिडू नका, आणि "असं कधी झालंच नाही" असंही म्हणू नका. लालूच जिथे दिली गेली तिथे ती चूकच होती, असं सरळ मान्य करा. मग आपली बाजू: "आमच्या प्रभूने श्रीमंत तरुणाला जाऊ दिलं, मागे धावला नाही. विकत घेतलेल्या विश्वासाचं आम्हाला काहीच नाही." एवढंच. पण हे म्हणायचं तर आपलं घर स्वच्छ हवं. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून साक्षीच्या आचाराबद्दल एक दस्तऐवज काढला. लोकांच्या गरिबीचा, गरजेचा फायदा घेणं त्यात स्पष्ट नाकारलंय आणि निर्णयाला पुरेसा वेळ व पूर्ण मोकळीक हवी असं म्हटलंय. त्यातून मंडळीसाठी नियम निघतात: धान्यवाटप आणि प्रार्थनासभा एका दिवशी, एका जागी नको. धान्याच्या यादीला सभेच्या हजेरीशी जोडू नका. वाचनाच्या जोडीदाराला उसने पैसे देऊ नका, गरज असेल तर मंडळीच्या मदतनिधीतून, दुसऱ्या माणसाच्या हातून. साहेबाने हाताखालच्याशी, शिक्षकाने विद्यार्थ्याशी, मालकिणीने घरकामाच्या बाईशी विषय काढू नये, कारण त्यांना नाही म्हणणं परवडत नाही. आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलांना काही शिकवू नये, ट्यूशनच्या नावाखाली तर मुळीच नाही.

आणि फोटो! प्रार्थना करताना डोळे मिटलेल्या बाईचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर जातो, तिथून तिच्या दिरापर्यंत. बाप्तिस्म्याचे फोटो, आकडे, नावं कुठेही टाकू नका, देणगीदारांच्या अहवालातही नाही.

शुभवर्तमान_वाचक

दुसरा प्रश्न. एक निरोप पाठवा, एकच: "बरेच दिवस भेट नाही, सगळं ठीक आहे ना?" त्यात वाचनाचा उल्लेख नको. उत्तर आलं तर चहाला भेटा आणि त्याच्याच विषयावर बोला. त्याला वाचायचं नसेल तर मैत्री तशीच राहू द्या, डबा तसाच वाटून खा. योहान ६:६६-६७ मध्ये पुष्कळ शिष्य निघून गेले तेव्हा येशूने राहिलेल्या बारांनाही विचारलं, तुम्हालाही जायचंय का? जायचा रस्ता त्याने उघडा ठेवला होता. सोडून जाणाऱ्याबद्दल मंडळीत "सैतानाने ओढलं" वगैरे बोलू नका. तो ऐकेल, आणि मग परत यायचं असलं तरी येणार नाही.

शेवटी तुमच्या सहा शुक्रवारांबद्दल: विषय कमी करा. पहिला डोंगरावरच्या प्रवचनाला, दुसरा साक्ष लिहायला, तिसरा आणि चौथा मार्काचे उतारे प्रत्यक्ष तिघातिघांच्या गटात वाचायला, पाचवा सण आणि मर्यादांना. सहावा मोकळा ठेवा, कारण पाचव्यापर्यंत लोकांनी कचेरीत, घरात काही करून पाहिलेलं असेल आणि प्रश्न तेव्हा येतील. बेस्टच्या चालकांची पाळी बदलत असते, त्यांच्या गटाची वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

परळची_मंडळी (धागाकर्ता)

हे वेळापत्रक घेतो. शुक्रवारी पाळी असलेल्यांसाठी रविवारी उपासनेनंतर अकराला दुसरा गट ठेवतोय. मार्काच्या पुस्तिका तीस मागवतो.

निर्मळची_वाट

चाळीस मागवा. वर्गातले लोक आपली प्रत देऊन टाकतात आणि पुढच्या आठवड्याला मोकळ्या हाताने येतात.